बंदच्या दिवशी दिसलेलं सोनं

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता, पण त्याला शांत जागा मिळाली नव्हती. समोरून ट्राम गेली की पडद्यावरचं चित्र थरथरायचं, आणि मागच्या गिरणीची धडधड तर दिवसभर चालू. म्हणून संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद पुकारला की प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, मला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे. मी ठाकूरद्वारच्या खोलीवरून चालत यायचो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या मुलाला त्या यंत्रापाशी बसवलं ते सरांनी.

सरांना स्फटिक तयार होताना बघायचा होता. सुटा अणू दिसणं आमच्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचं. पण सोन्याच्या अतिपातळ थरातले बारीक कण तापले की एकमेकांत मिसळून मोठे होतात, तेवढं दिसलं तरी पुरे होतं. घाई होती, कारण काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती.

अशाच एका बंदला गिरणी गप्प होती, ट्रामही नव्हती. लांबून घोषणा आल्या, मग त्याही थांबल्या. अंधाऱ्या खोलीत हिरवट पडद्यावर चित्र पहिल्यांदाच स्थिर राहिलं. कण फुगत गेले, शेजारचे दोन चिकटले. सर भिंगाला डोळा लावून बसले होते.

"दिसलं रे," ते हळूच म्हणाले. "मलासुद्धा दिसलं."

दुसऱ्या दिवशी मी आदल्या दिवशी काढलेल्या फोटोंच्या काचा रसायनात धुतल्या, तेव्हा चित्रं उमटली. मधोमध एक गोल डाग होता. सगळा थर तापवला होता, तरी डागाबाहेरचे कण होते तेवढेच बारीक. यंत्रातली हवा काढणाऱ्या पंपाच्या तेलाची वाफ आत राहिली होती, आणि इलेक्ट्रॉनांचा झोत पडला तिथेच तिचा थर बसला होता. फुगताना दिसला तो हा थर; सोनं हललंच नव्हतं.

सरांनी काच खिडकीशी धरली. त्यांना काही दिसेना, तेव्हा मी सांगितलं.

"म्हणजे आपण बघत होतो तिथेच मळ साचत होता," ते म्हणाले.

आम्ही पंपाचं तेल बदललं, नळ्या पुसल्या. पुढचा बंद यायला बरेच महिने गेले. त्या दिवशी सर आले, पण भिंगाशी गेले नाहीत. मीच बघत होतो. दोन कण सरकले, एक झाले, आणि त्याला स्फटिकासारख्या सरळ कडा आल्या. मी सांगितलं. सर माझ्या आवाजाकडे तोंड करून बसले होते.

"मळ नाही ना?" त्यांनी विचारलं.

ते कळायला काचा धुवाव्या लागणार होत्या.