फळीवरचा स्टोव्ह

परवा मलकपेठेत एक मेकॅनिक स्कूटरचे सुटे भाग रॉकेलमध्ये धूत होता, आणि त्या वासासरशी मला हिमालयातल्या माझ्या पहिल्या पायी सहलीची तयारी आठवली. परदेशी वस्तू तेव्हा नुकत्याच दुकानांत दिसू लागल्या होत्या. हिमायतनगरला मी मुठीएवढी शेगडी आणि तिला लावायचा गॅसचा निळा डबा पाहिला, पण दुकानदारच म्हणाला, “डब्बा खतम हुआ तो पहाड में कां मिलता?” रॉकेल मात्र तिकडच्या गावांत मिळायचं, म्हणून मी चिक्कडपल्लीच्या घरी माळ्यावरचा छोटा पितळी स्टोव्ह काढला आणि चिंचेनं घासायला बसले. आई दारातच थबकली. मावशी सासरी स्टोव्हच्या भडक्यानं गेली, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी घाईनं म्हटलं, “तुला नको वाटत असेल तर गॅसचा घेते.” आई माझ्याजवळ येऊन बसली. “स्टोव्ह भडकला नव्हता गं,” ती म्हणाली. “मी तिच्या सासरी पोचले तेव्हा तिथला स्टोव्ह फळीवर होता, पुसून ठेवलेला. टाकीत रॉकेलचा थेंब नव्हता.” मग तिनं पिन घालून बर्नर साफ केला, पंप मारून पाहिला आणि स्टोव्ह माझ्या पिशवीत ठेवला. “ने. याचा काही दोष नाही.” त्या सहलीत आम्ही त्याच्यावर रोज खिचडी केली. मावशीच्या सासरची माणसं अजूनही लग्नपत्रिका द्यायला येतात. मी त्यांना बसा म्हणते, पाणी देते. चहा ठेवायला मात्र त्या दिवसापासून कधी उठले नाही.