गोपालला जोड

अमरावती आणि अकोला यांच्यातला मोसमाचा सामना असला, की आदल्या संध्याकाळी दोन्ही संघांचे वस्ताद एका बाकावर बसून जोड लावत. कुस्तीतली ही पद्धत फुटबॉलमध्ये कधी शिरली, ते कोणालाच सांगता येत नसे. एकाने आपल्या खेळाडूचे नाव घ्यायचे, दुसऱ्याने त्याला अडवणाऱ्याचे. अडवणारा नसेल, तर तसे तोंडाने म्हणायचे, ‘याले जोड नाई.’ मग समोरची पोरे शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घेत.

अमरावतीच्या देवमन तायड्यांनी ते शब्द कधी उच्चारले नव्हते. एसटीच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि घरात बोलायला कोणी उरले नाही. त्यांचे सगळे बोलणे मैदानावर, तेही ओरडून. सरावाला न आलेल्या पोराला ते अंथरुणातून उठवून आणत. पोरांच्या आया नवऱ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवत.

बचावफळीतला त्यांचा स्टॉपर अनुप हा इंदूबाईंचा मुलगा. इंदूबाई एका वसतिगृहात स्वयंपाक करीत. पुढच्या महिन्यात अनुपची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती, आणि वयात बसण्याचे त्याचे हे शेवटचे वर्ष. सरावात त्याचा गुडघा सुजला, तेव्हा त्याने घरी सांगितले नाही, फक्त वस्तादांना दाखवला. देवमननी तो दाबून पाहिला आणि स्वतःच बजावले, “भरती होईस्तोवर बॉलले पाय लावू नको.”

त्या संध्याकाळी अकोल्याचे शालिकराम गिला वडा खात बाकावर येऊन टेकले.

“काय देवमनभाऊ, गोलकीपर तोच का? उभ्यानं झोपणारा?”

“तोच. तुमचा तं बसल्या बसल्या झोपते.”

“बरं, राइट विंगले आमचा पिंटू.”

“त्याले उद्धव.”

“उद्धव? पयताना धाप लागते ना त्याले!”

“पिंटूच्या मांगं पयाचं कामच काय? तो ऑफसाइडातच घर बांधून राहते.”

दोन्हीकडची पोरे हसली. नावाला नाव मिळत गेले. मग शालिकरामांनी हात पुसले.

“फॉरवर्डले गोपाल.”

गोपालने या मोसमात एकही सामना गोल केल्याशिवाय सोडला नव्हता. देवमननी राखीव पोरांकडे पाहिले. एकानेही त्यांच्याकडे पाहिले नाही. मागे अनुप एका पायावर भार देऊन उभा होता. अकोल्याच्या पोरांची बोटे तोंडाशी गेली.

शालिकराम हळूच म्हणाले, “नसंन तं म्हना ना भाऊ. एका सालानं काय बिघडते?”

“अनुप,” देवमन म्हणाले.

“त्याचा गुडघा दुखते म्हणे?”

“कोन म्हणते?” देवमन मागे वळले. “काय बे, दुखते का?”

अनुपने तो पाय जमिनीवर सरळ टेकवला. “नाई, वस्ताद.”

तो खोटे बोलतो आहे हे देवमनना कळत होते. त्यांनी पुढच्या नावासाठी शालिकरामांकडे तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवशी अनुपने गोपालला जखडून ठेवले. गोल होईना, तसे लोक अनुपच्या नावाने ओरडू लागले. देवमनही ओरडत होते. खेळ संपत आला असताना गोपालने बॉल उजवीकडे दाखवला आणि डावीकडे काढला. अनुपचे अंग वळले, पाय तिथेच राहिला. कोणी त्याला शिवलेसुद्धा नव्हते. सामना बरोबरीत सुटला, तेव्हा तो रेषेबाहेर टॉवेल चावत पडला होता.

गुडघ्याच्या आतला बंध तुटला होता. डॉक्टरांनी पाय जमिनीवर टेकवायचा नाही असे सांगितले. ऑपरेशन, मग वर्षभर धावणे बंद. भरतीचे कोणी विचारलेच नाही.

देवमन इंदूबाईंच्या दारात गेले. त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या, हाताला अजून कणीक होती. त्यांनी आत बोलावले नाही.

“तुमाले मालूम होतं का, गुडघ्याचं?”

“होतं.”

“मंग काहून खेयवलं?”

‘जोड नाई म्हणवलं नाही,’ हे उत्तर देवमनच्या तोंडापर्यंत आले. एका आईसमोर ते बोलता येण्यासारखे नव्हते.

“मी त्याले इचारलं होतं,” ते म्हणाले.

“तुमी इचारलं तं तो काय सांगन? लहानपणापासून तुमच्या शिटीवर उठते तो.” इंदूबाईंचा आवाज चढला नाही. आत खाटेवर अनुप होता. त्यांनी दार ओढून अर्धे केले. “त्याले भेटू नका, वस्ताद. तुमी दिसले, तं तो उठून उभा राहीन.”

देवमन बोलले असते, तर आवाज आत गेला असता. ते पायऱ्या उतरले.