रावजीदादाचा पत्र्याचा माणूस

बातमी आली तेव्हा मी वीज कंपनीच्या महाडच्या कचेरीत एका भातगिरणीच्या वायरिंगचा तपासणीचा कागद भरत होतो. पोलादपूरहून आलेल्या एसटीचा कंडक्टर दारातूनच म्हणाला, "साहेब, कापड्याचे रावजीदादा सकाळी गेले. वहिनींनी निरोप दिलाय. या असं नाय सांगितलं... नुसतं कळवा म्हणाल्या." मी मान हलवली. तो गेला. माझ्यापुढच्या कागदावर छापील प्रश्न होता, 'सर्व बटणे जिवंत तारेवर आहेत काय?' आणि त्यापुढे मी नुकतंच 'होय' लिहिलं होतं. शाई अजून वाळली नव्हती.

रावजीदादा माझा आतेभाऊ, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मुंबईत एका गिरणीच्या वीजखात्यात वायरमन होता, मग छातीच्या दुखण्याने गावी आला आणि महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वायरिंगची कामं करू लागला. त्याला जाऊन आता पाच आठवडे झाले. शोकसभेत तीन जण बोलले, आणि तिघेही थोड्याफार फरकाने एकच बोलले. एकदा हातून मोठी चूक झाली होती, पण माणूस सोन्यासारखा. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठलो नाही. माझा स्वभावच तसा, बोलायचं ते पोटात ठेवायचं. पण त्या 'पण'ने मला तेव्हापासून झोपू दिलेलं नाही. म्हणून आधीच लिहून टाकतो. ती चूक त्याची नव्हती. माझी होती. नऊ वर्षं मी ती त्याच्या नावावर राहू दिली. हे छापून आल्यावर ज्यांना माझं तोंड पाहायचं नसेल त्यांनी खुशाल पाहू नये.

मी जो काही वीजवाला झालो तो त्याच्यामुळे. मुंबईला डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी विजेच्या पेपरात नापास होऊन मी गावी आलो होतो. पुस्तक इंग्रजी, मास्तर इंग्रजी, आणि फळ्यावरच्या आकृत्या मला मुंग्यांच्या रांगांसारख्या दिसायच्या. दादाने पडवीत बसवलं, पुस्तक मिटलं आणि टॉर्चच्या दोन मसाल्यांना, म्हणजे सेलना, एक तार लावून दिवा माझ्या हातात दिला. "पेटव," म्हणाला. मी तार दिव्याला टेकवली. पेटेना. "का नाय पेटत?" मी तार पुन्हा पुन्हा टेकवून पाहिली. तेव्हा तो हसला. "अरे, आपल्या गावातनं मुंबैला माणूस जातो. तो शिमग्याला परत आलाच नाय तर घर चालंल काय? जायची वाट केलीस, परतीची कुठं हाय?" दुसरी तार लावली, दिवा लागला. सर्किट म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं ते आजवर विसरलेलो नाही. एकामागे एक आणि शेजारी-शेजारी जोडलेल्या दिव्यांचा फरक त्याने शेतात नेऊन दाखवला. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी सोडलं तर वरच्याने बांध घालताच खालचा सुका. पण प्रत्येक खाचराला पाटातून आपलं वेगळं तोंड असेल तर एकाने बांध घातला तरी दुसऱ्याचं पीक हिरवं. "घरात दिवे कसे जोडायचे, सांग आता." मी सांगितलं. त्याने पाठीत धपाटा घातला. "हां! पास झालास की रे वसंता."

मी डावखुरा. सांध्यावर काळी चिकट पट्टी गुंडाळताना माझा हात उलटा फिरायचा, आणि त्याला त्याचं फार हसू यायचं. "तुझी सही करायची गरजच नाय. पट्टी बघितली की कळतं, वसंताचं काम." हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे यालाच महत्त्व आहे.

आणि एक धडा तो रोज घ्यायचा, देवाला दिवा लावावा तसा. बटण बंद केलं, दिवा विझला. "आता तार मेली काय?" मी पहिल्यांदा हो म्हणालो होतो. त्याने कपाळाला हात लावला. बटण जिवंत तारेवर असेल तरच दिव्याच्या होल्डरपर्यंत वीज येत नाही. तेच बटण चुकून परतीच्या तारेवर बसलं तर दिवा विझतो खरा, पण होल्डर जिवंतच राहतो आणि हात लावणाऱ्याची वाट बघत बसतो. "दिवा विझलाय म्हणून गाफील राहू नको. दिव्याला काय, तो दोन्ही बाजूंनी पेटतो. माणसाला फरक पडतो." म्हणून काम संपलं की टेस्ट लॅम्प लावून कुठली तार जिवंत ते पाहायचं, पाहिल्याशिवाय सांधा बांधायचा नाही. हा त्याचा नियम होता, आणि तो त्याने कधी मोडल्याचं मला आठवत नाही.

पुढे मी पास झालो, वीज कंपनीत सुपरवायझर म्हणून महाडला आलो. पोलादपूरच्या पलीकडे एका गावात शाळेचं सभागृह बांधलं गेलं. गावाचं नाव लिहीत नाही, गावाचा त्यात काही दोष नाही. वायरिंग दादाने केलं. तारांच्या अशा सुबक लाकडी पट्ट्या मी नंतर कुठे पाहिल्या नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी आमचा लाइनमन तापाने पडला, म्हणून खांबावरून आलेल्या दोन तारा मेनबोर्डापाशी आतल्या तारांना मी स्वतः जोडायला गेलो. दोन्ही तारा काळ्या, जिवंत कुठली ते नुसतं पाहून कळणार नव्हतं. माझ्या टेस्ट लॅम्पचा दिवा एसटीतच फुटला होता. दादाची पिशवी समोर बाकावर होती, आणि तिच्यात त्याचा टेस्ट लॅम्प असणारच. नुसता हात पुढे करायचा होता... पण पाहुणे येऊन बसले होते, कुणीतरी "साहेब, अजून किती वेळ?" म्हणालं, आणि त्या 'साहेब' शब्दाने माझा हात धरला. चारचौघांत आपल्या वायरमनकडे हत्यार मागायचं? मी अंदाजाने जोडलं, पट्टी गुंडाळली. दादा पुढे होऊन म्हणाला, "बघितलंस ना रे?" मी म्हणालो, "बघितलं." बटण दाबलं, सगळे दिवे लागले, टाळ्या झाल्या. दिव्याला काय, तो दोन्ही बाजूंनी पेटतो.

चौथ्या दिवशी शाळेचा शिपाई गणू एक गेलेला दिवा बदलायला लोखंडी घडवंचीवर चढला. बटण बंद केल्याची त्याने खात्री केली होती, तो अडाणी नव्हता. होल्डरला बोट लागलं आणि तो खाली फेकला गेला. जीव वाचला, खुब्याचं हाड गेलं. तेव्हापासून त्याचा डावा पाय आखूडच राहिला.

जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार होते. त्यांच्याआधी तासभर मी पोचलो, सांधा सोडला, तारांची अदलाबदल केली आणि पुन्हा पट्टी बांधली. या वेळी टेस्ट लॅम्प बरोबर नेला होता. अहवालात लिहिलं, 'वायरमनने आतील बटणे परतीच्या तारेवर घेतली होती. निम्नस्वाक्षरीकाराने दुरुस्त केली.' इतकं सोपं होतं ते. दादा आला आणि ताठ उभा राहून म्हणाला, "माझं एकेक बटण उघडून बघा, साहेब. लाल तार बटणावर नसंल तर माझा परवाना इथंच फाडा." साहेब म्हणाले, आता बघून काय उपयोग, सुपरवायझरने दुरुस्ती केली आहे ना? खरंच होतं. माझ्या दुरुस्तीने त्याची साक्षच पुसून टाकली होती. तेव्हा दादा मेनबोर्डापाशी गेला. सांध्यावरच्या नव्या पट्टीवरून त्याने अंगठा फिरवला, उलट्या बाजूने. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवलं. 

परवाना गेला. वरून निरोप आला की नजरचूक झाली असं लिहून दिलं तर सहा महिन्यांत परत मिळेल. तो निरोप घेऊन कापड्याला कोण गेलं असेल? मीच. एवढं तरी त्याचं भलं करावं, असं मी स्वतःला समजावत होतो. दादा पडवीत काथ्या वळत बसला होता. कागद त्याने वाचला आणि माझ्या गुडघ्यावर परत ठेवला. "झाली नाय ती चूक लिहून देऊ? या हातांनी?" मी म्हणालो, "दादा, पोट हाय मागं." तर तो म्हणाला, "पोट भात खाऊन भरतं, साहेब. कापड्यात भात पिकतो." त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी वसंता उरलो नाही. लग्नात, बारशाला, बाजारात, चवदार तळ्याच्या वळणावर समोरासमोर आलो तरी "या साहेब", "बसा साहेब". लोकांना वाटे, केवढा मान देतो. माझ्या पाठीवर मात्र एकेक वळ उठत होता. शेवटच्या भेटीतही, खाटेवर उठून बसवत नसताना, त्याने हेच म्हटलं. "साहेब, पाणी घ्या." माफी नव्हती त्यात. ती असावी असं मला वाटत राहिलं, पण नव्हती. माझं नाव त्याने कुठे घेतलं नाही ते माझ्यावर दया म्हणून नव्हे, हे मला वहिनीकडून नंतर कळलं. तिने एकदा विचारलं होतं, सांगत का नाही? तर म्हणाला होता, "मी सांगितलं तर ते भांडण होईल. त्यानं सांगितलं तर ते खरं होईल."

परवाना नसलेल्या माणसाला तार ओढता येत नाही, पण शिकवायला कोण अडवणार? डिप्लोमाला जाणारी आसपासच्या गावांची मुलं दर रविवारी कापड्याला येऊ लागली. गावात तेव्हा वीज नव्हती, म्हणून सगळा कारभार टॉर्चच्या मसाल्यांवर. एका फळीवर त्याने मेन, फ्यूज, बटण, दिवा असं सगळं घर मांडलं होतं. मसाल्यांकडून येणारी परतीची तार ओल्या मातीच्या कुंडीत पुरलेल्या पत्र्याला जोडलेली, म्हणजे ती जमीन. आणि त्या कुंडीत उभा एक पत्र्याचा माणूस, रॉकेलच्या डब्यातून कापलेला, पोटात टॉर्चचा बारका दिवा. बटण बंद करायचं आणि पत्र्याच्या माणसाचा हात होल्डरला लावायचा. तारा बरोबर असतील तर पोट अंधारं. मग दादा मेनपाशी दोन्ही तारांची अदलाबदल करायचा, बाकी कशालाही हात न लावता. पुन्हा बटण बंद, मोठा दिवा विझलेला, सगळं निवांत... आणि हात लावताच त्या माणसाचं पोट लख्ख पेटायचं. "आतल्या वायरमननं काय चूक केली?" तो विचारायचा. मुलं सगळीकडे शोधायची. काही सापडायचं नाही. "मंग कुणी केलं?" या प्रश्नाचं उत्तर त्याने कधी दिलं नाही म्हणे. हे मला त्याच्या विद्यार्थ्यांकडून कळायचं, ती मुलं पुढे माझ्याच हाताखाली शिकाऊ म्हणून येत. त्यांच्या सांध्यावर मी कधी बोट ठेवू शकलो नाही. टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय एकही बांधत नसे.

बाराव्याला मी वहिनीपुढे बसून सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. "मला काय सांगता, भावजी? मला नऊ वर्सं म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांगा." मग मी गणूकडे गेलो. त्यालाही सगळं सांगितलं. "नऊ वर्सं मी रावजीला शिव्या घातल्या, साहेब," म्हणाला. "वर तोंड करून घातल्या. त्या आता मागं कशा घेऊ?"  

कंपनीला मी पत्र पाठवलं आहे. माझा अहवाल खोटा होता, दप्तरातला त्याच्या नावापुढचा शेरा काढा. आमचे एक जुने सहकारी घरी येऊन समजावून गेले, मेलेल्या माणसाला परवाना काय करायचाय, नोकरीची थोडीच वर्षं राहिली आहेत, गप्प बस. मी म्हटलं, माणूस मेला, शेरा जिवंत आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. कापड्यात भात अजून पिकतो.

गेल्या रविवारी मी कापड्याला गेलो, वहिनीचा निरोप आला होता. चार मुलं नव्या वर्षाची, दादाने सांगून ठेवलेली, तिने परत पाठवली नव्हती. "त्यांनी कुणाला नको म्हटलं नाय, मी का म्हणू? तुम्ही शिकवा नायतर मी फळी माळ्यावर टाकते." पडवीत फळी मांडलेली होती. कुंडीतली माती वहिनीने सकाळीच ओली केली होती. मी पहिल्यांदाच तो पत्र्याचा माणूस जवळून पाहिला, आणि हातात घेतल्यावर कळलं की तो कुंडीत किंचित कलून का उभा राहतो. त्याचा डावा पाय दादाने बोटभर आखूड कापला होता.

मी शिकवलं. जायची वाट, परतीची वाट, खाचरं, पाट. मग मेनपाशी तारांची अदलाबदल केली, बटण बंद केलं, हात लावला. पोट पेटलं. मुलं फळीवर वाकली, बटण उघडून पाहिलं, लाल तार जागच्या जागी. एकाने वर पाहून विचारलं, "वायरमनची तर कायच चूक नाय. मंग कुणी केलं, सर?"

वहिनी दारात उभी होती.

"मी," म्हणालो.