सुखीबाईनं घेतलेलं जू

पांढरकवड्याजवळच्या आमच्या तांड्यावर सुखीबाईच्या हातचं न खाल्लेलं माणूस शोधून दाखवा. बारा वर्षं झाली, ती शाळेत खिचडी शिजवते. एकशे चौदा पोरं, तीन गुरुजी, तपासणीला आलेले साहेब आणि पातेलं घासायच्या वेळी कुंपणाशी हजर होणारी बकरी, सगळे तिच्या हातचं खाऊन तृप्त. खात नव्हती ती एकच बाई. आणि ती नेमकी तिची सासू निघावी!

धनीबाईंचंही चुकत नव्हतं म्हणा. सात वर्षांपूर्वी सुखीबाई पांढरकवड्याला प्रार्थनेला जाऊ लागली. गाणी ऐकायला म्हणून गेली आणि येशूची होऊन परत आली, असं तिचा नवरा देवीलाल सांगतो. देवीलाल नागपूर-हैदराबाद ट्रक चालवतो. ज्या देवाच्या नावानं बायको भांडण कमी करते तो देव चांगला, इतका त्याचा सरळ हिशेब. पण त्या वर्षी घरच्या पूजेत धनीबाईंनी भोगाचं ताट पुढं केलं आणि ते देवापुढचं म्हणून सुखीबाईनं हात मागं घेतला.

"माह्या हातचं तुले चालत नाही," धनीबाई म्हणाल्या, "मंग तुह्या हातचं मले कायले चालीन?"

तेव्हापासून एका अंगणात दोन चुली. सणाला सुखीबाई ताट पाठवायची, ते झाकलेलं तसंच परत यायचं. रोज सकाळी डोळे मिटून ती बरंच काही मागे. देवीलालच्या गाडीचे ब्रेक, पोरांची पोटं, विहिरीचं पाणी. आणि शेवटी ठरलेलं एक मागणं. सासूला ती याडीच म्हणते, म्हणजे आईच. "मोठा चमत्कार नको, प्रभू. याडीनं माह्या हातचा एक घास खावा. एकच."

सुखीबाईचं शिक्षण चौथीपर्यंत. छापलेलं शास्त्र वाचायला बसली तर एका ओळीला खिचडी करपते. म्हणून रजत पास्टर रोज सकाळी मोबाइलवर आवाजात वचन पाठवतात, ते ती तांदूळ निवडता निवडता ऐकते आणि दिवसभर चघळते. "हे तं मलेच सांगून राह्यला तो," असं तिला रोज वाटतं. तुम्ही जगाचं मीठ आहात, हे वचन आलं त्या दिवशी खिचडी इतकी खारट झाली की गुरुजींनी मधल्या सुट्टीत अख्खा माठ रिकामा केला.

तर एका बुधवारी वचन आलं. थकलेल्यांनो, ओझ्यानं वाकलेल्यांनो, माझ्याकडे या. सुखीबाईनं मान डोलावली. पुढं पास्टर म्हणाले, माझं जू आपल्यावर घ्या. सुखीबाईचा हात सुपातच थांबला.

आता भानगड अशी, की डोक्यात फिरणारी जी ऊ, तिला आमच्या तांड्यात घरच्या बोलीत जू म्हणतात. बैलांच्या मानेवरचं जे लाकूड, त्याला म्हणतात जुवाडी. तेव्हा सुखीबाईच्या कानांनी ऐकलं ते असं, की प्रभू म्हणतो, माझ्या उवा आपल्यावर घ्या. तिनं पुन्हा लावून ऐकलं. पुन्हा तेच.

दुसरी एखादी हसून मोकळी झाली असती. सुखीबाई मात्र विचारात पडली. प्रभू पायी हिंडला, झाडाखाली निजला, ज्यांना कोणी शिवत नव्हतं त्यांच्याजवळ बसला. मग झाल्या असतील. बिनालग्नाचा माणूस, काढणार तरी कोण? आणि आता तो कुठं सापडणार? ज्या डोक्याला कोणी हात लावत नाही, त्याच डोक्यात.

असं डोकं तिला अंगणापलीकडे रोज दिसत होतं. दोन वर्षांपासून धनीबाईंचे हात कापत होते, फणी धरली जात नव्हती. दुसरी सून पुण्याला. म्हातारी बाजेवर बसून सुपारीच्या अडकित्त्यानं डोकं खाजवायची.

शाळा सुटल्यावर सुखीबाई फणी आणि करंजीच्या तेलाची बाटली घेऊन अंगण ओलांडून गेली.

"काहून आली?"

"डोकं पाहाले."

"कोनं पाठवलं?"

सुखीबाईला खोटं बोलता येत नाही, हा तिचा जुना रोग. "प्रभूनं."

"त्याले माह्या डोक्याचं काय पडलं?"

"वचनात आलं, याडी. जू घे म्हने."

धनीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पदर खांद्यावर पाडला. "लय उशिरा समजलं तुह्या देवाले. दोन वरसं झाली, मी खाजवूनच राह्यली."

पहिल्या दिवशी नुसती फणी चालली. दुसऱ्या दिवशी लिखांवर बोलल्या, तिसऱ्या दिवशी पुण्याच्या सुनेवर, आणि त्या विषयावर दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. चहा मात्र धनीबाईंनी स्वतः करून स्वतःच प्यायला.

रविवारी सुखीबाई प्रार्थनेत साक्ष द्यायला उभी राहिली. प्रभूनं जू घे म्हटलं आणि मी सासूच्या डोक्यातल्या शंभरेक घेतल्या, असं तिनं सांगितलं. आधी पेटीवाला हसला, मग पुढची रांग, मग सगळी सभा. पास्टरांच्या बायकोनं, संगीताताईंनी, तिला जवळ बसवून हळूच समजावलं, "अवो बाई, जू म्हणजे बैलाच्या मानेवरचं."

सुखीबाईही हसली. हसावंच लागतं. पण ऑटोत बसल्यावर तिनं जो पदर तोंडावर घेतला, तो तांडा येईपर्यंत काढला नाही. बातमी तिच्या ऑटोच्या आधीच पोचली होती. कशी ते विचारू नये. शेजार म्हणून काही असतो की नाही! नळावर बाया तिला 'जूवाली' म्हणू लागल्या.

त्याचं तिला एवढं नव्हतं. तिला लागलं ते वेगळंच. सात वर्षांत पहिल्यांदा देवानं आपल्याला याडीकडं धाडलं, असं ती धरून चालली होती. आता ते वचनच नव्हतं, नुसता कानांचा घोटाळा. मग कोणत्या तोंडानं जायचं? सोमवारी ती गेली नाही. मंगळवारीही नाही. सकाळी डोळे मिटले, पण ते शेवटचं मागणं काही ओठांवर आलं नाही.

बुधवारी काठी टेकत धनीबाई स्वतः अंगण ओलांडून आल्या. सात वर्षांत पहिल्यांदा.

"दोन दिस काहून नाही आली?"

सुखीबाईनं खाली मान घालून सगळं सांगितलं. धनीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"जुवाडी व्हय ते! मंग मले इचारतीस तं. माह्या बापाकडं चार जोड्या होत्या. नवा गोऱ्हा त्यानं कधी नव्यासंगं नाही जुंपला. जुन्या बैलासंगंच. ओझं वढते तो जुना. नव्यानं निस्तं त्याच्या बाजूनं चालाचं. म्हनून त्याले हलकं वाटते."

सुखीबाईला आठवलं. माझं ओझं हलकं आहे, असं पुढं पास्टर म्हणाले होते खरे. पण उवांच्या नादात तिनं तिकडं लक्षच दिलं नव्हतं.

"आता एक सांग," धनीबाई म्हणाल्या. "अर्धं डोकं सोडून पळा, असं लिव्हलं हाये का तुह्या वचनात?"

"नाही."

"मंग बस."

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत फणी चालली. मग धनीबाई म्हणाल्या, "गळा सुकला. चहा मांड."

सुखीबाईला वाटलं, कानांनी पुन्हा दगा दिला. "मी मांडू?"

"नाही तं काय बकरी मांडीन? पन पह्यले हात धू. साबनानं. जूवाला चहा मी पेत नाही."

तिनं तीनदा हात धुतले. धनीबाईंनी बशीत ओतून चहा प्यायला, साखर कमी आहे म्हणून कुरकुरल्या आणि पदराच्या गाठीतून अर्धी भाकर काढली.

"ही देवापुढची नाही. सकायची हाये, डब्यातली. खाशीन?"

सुखीबाईनं दोन्ही हात पुढं केले. भाकर कडक झाली होती, चावायला वेळ लागला. त्यामुळं ती रडली की काय, ते कोणाला नीट कळलं नाही.

"उद्या फणी दुसरी आन," धनीबाई म्हणाल्या. "हिचे दात गेले, माह्यासारखे."