समुद्रघोड्याला घराबाहेर काढलं त्याची गोष्ट

चहा घ्या आधी. ऐकताना तुम्ही मला शिव्या घालणार, आणि तोंडात चहा असला की माणूस जरा कमी बोलतो. एका बोटभर माशापायी स्वतःचं लग्न मोडायला निघालेला माणूस कधी बघितलाय? बघून घ्या, समोर बसलाय!

मी दादरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. स्वप्नाली लालबागची. आमचं सगळं जमलं होतं, फक्त तिच्या वडिलांची, नानांची, एक अट होती. "माझा थोरला भाऊ घरी येऊन हो म्हणाला, तरच साखरपुडा." आणि हे थोरले भाऊकाका कित्येक वर्षांत त्या घरात आलेच नव्हते. चाळीच्या जागी टॉवर झाला, फ्लॅट नानांच्या नावावर लागला, भांडण पेटलं आणि काका तरातरा अँटॉप हिलला राहायला गेले. शेवटी पुतणीसाठी म्हणून यायला तयार झाले.

स्वप्नालीने मला फोनवर बजावलं, "काकांसमोर घराचा विषय काढायचा नाही. फ्लॅट, वाटा, काही नाही. तू आपला माशांवर बोल."

माशांवर बोल! अहो, आजवर सगळे मला 'माशांवर बोलू नकोस' एवढंच सांगत आलेत. मी हवेतच!

झालं. मी, माझी आई, समोर दोघे भाऊ, मध्ये घावणे-चटणी, आणि स्वयंपाकघराच्या दारात स्वप्नाली नि तिची आई. भाऊकाका खुशीत होते. त्यांनीच विचारलं, "मास्तर, तुम्ही शिकयतास काय?"

'प्राणिशास्त्र' म्हणून गप्प बसलो असतो तर? पण नाही! म्हटलं, "सध्या स्टिकलबॅकचं वर्गीकरण. पाठीवर काटे असलेला छोटा मासा."

"हो मासो गावता खंय?"

"इथे नाही, थंड देशांत."

"खाऊक कसो?"

"सहसा कोणी खात नाही."

"मगे तेचो अभ्यास कित्याक?"

आता मास्तराला असं विचारल्यावर तो थांबतो का? मी उठलोच. "काका, समजा नाना म्हणजे स्टिकलबॅक. आणि तुम्ही समुद्रघोडा." काका खूश. घोडा म्हटलं की पुरुषमाणूस खूश होतोच.

"शास्त्रज्ञांनी या दोघांना वर्षानुवर्षं एका गणात ठेवलं. म्हणजे एकाच घरात म्हणा ना! का? तर तोंड जरा लांबट, अंगावर खवल्यांऐवजी कडक पट्ट्या. वरवरचं साम्य हो! मग डीएनए तपासला, तर यांचं जवळचं नातंच निघेना!"

आईने मला चिमटा काढला. मला वाटलं, डास.

"मग समुद्रघोड्याला त्या घरातून बाहेर काढलं." एवढं बोलून मी थांबलो असतो तरी चाललं असतं. मी काकांना दंडाला धरून उठवलं आणि दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर नेऊन बसवलं! "आता यांचा या घराशी काही संबंध नाही."

खोलीत एकदम शांतता. माझ्या वर्गात इतकी शांतता मला कधी मिळालेली नाही! स्वप्नाली जोरजोरात मान हलवत होती. मला वाटलं, हिला अजून हवंय.

"आणि गंमत ऐका. त्या गणाला नावच स्टिकलबॅकवरून दिलेलं, म्हणजे ते घर मुळात होतं स्टिकलबॅकच्याच नावावर! समुद्रघोडा तिथे नुसता राहत होता."

भांडणात नाना नेमकं हेच ओरडले होते, हे मला कोण सांगणार?

भाऊकाका उठले. "नाना, ह्या सगळा तूच ह्येका पढवलंस मा? हेच्यासाठीच घराक बोलयलंस माका?"

"देवाशपथ नाही रे भाऊ! मला तर मी मासा आहे हेसुद्धा आत्ताच कळलं!"

पण काका चपला घालून बाहेर. स्वप्नालीने मला नुसतं दाराकडे बोट दाखवलं. मी अनवाणी धावलो. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती, हे माझं नशीब.

"काका, पुढचं ऐका तरी! नंतर स्टिकलबॅकलाही बाहेर काढलं!"

काका थबकले. "काय म्हणतास?"

"खरंच! तो गणच मोडीत काढला. स्टिकलबॅक आता दुसऱ्यांच्या गणात राहतो, एका कोपऱ्यात."

काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. उलटपावली घरात शिरले. "नाना, ऐकलंस? तुझा पण घर गेला!"

नाना आधी बघतच राहिले, मग फुटलेच. दोघे भाऊ एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते. "ह्यो मास्तर आपल्या दोघांकय रस्त्यार आणतलो रे!" त्यांची कित्येक वर्षांची अढी माझ्या अकलेवर हसताना सुटली. मला भरून आलं, खरं सांगतो.

स्वप्नालीच्या आईने घावण्यांची थाळी पुढे करत विचारलं, "पण मग त्या दोन माशांत खरं सारखं असं काहीच नाही?"

प्रश्न विचारला की माझं तोंड सुटतंच. "आहे ना! दोन्हींत पोरं बाप सांभाळतो. स्टिकलबॅकचा नर घरटं बांधतो, अंड्यांना परांनी वारा घालतो. समुद्रघोडा तर पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवतो. मादी अंडी देऊन मोकळी."

"परत सांग," स्वप्नाली म्हणाली. "सगळ्यांसमोर, मोठ्याने."

सांगितलं. भाऊकाका म्हणाले, "पोरगो येडो आसा, पण कामाचो आसा. माझो होकार!"

आता स्वप्नाली माझगावच्या ऑफिसात बसते आणि मी रजा टाकून घरी लेकीला पोटाशी बांधून बाटल्या उकळतो. परवा कंटाळून स्वप्नालीला फोन केला, म्हटलं, "अगं, आज जरा लवकर येशील का?"

पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "का रे, वर्गीकरण बदललं का?"