चाळीसवर एक शून्य

“एका रेडिओसमोर चारशे माणसं?” साहेब ओरडत होते. “अहो, अख्ख्या गावाची वस्ती तीनशे वीस. वरची ऐंशी काय आभाळातून उतरली?”

साहेबांचा आवाज असा, की रेडिओ केंद्राचा मनोरा बंद ठेवला असता तरी तो थेट भंडाऱ्यात ऐकू गेला असता. दारात दोन टायपिस्ट आणि चपराशी येऊन उभे राहिले. तिथेच माझा घात झाला. ऐकणारे जमले की मी माझा राहत नाही.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची ती वर्षं. कोणता कार्यक्रम किती लोक ऐकतात हे मोजायला नागपूरच्या केंद्राने चार हंगामी माणसं घेतली होती, त्यातला मी एक. काखेत फॉर्मचा गठ्ठा आणि वाट्याला नरखेड तालुका. एसटी एवढी हळू, की काटोलला खिडकीतून मृग बहाराची फुलं दिसली आणि मी उतरेस्तोवर त्यांची संत्री पिवळी पडली होती. फॉर्म शहरात बसून केलेला. एक घर, एक रेडिओ, त्याभोवती पाच डोकी, एवढीच त्याची समज. मी उतरलो त्या गावात मात्र रेडिओ एकच, ग्रामपंचायतीच्या ओट्यावरचा, आणि सगळं गाव त्याच्याभोवती.

निघताना साहेबांनी बजावलं होतं, “गुरुवारच्या त्या खापा गावच्या विणकराला श्रोते आहेत का, नीट बघा. नसतील तर कार्यक्रम बंद करायचा आहे.”

तो विणकर दर गुरुवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं आपल्या बोलीत बोलायचा. विषय काहीच नाही. स्वतःची बकरी, शेजाऱ्याची बकरी, गुडघे. पण गुडघ्यांबद्दल तो असा बोलायचा, की आपलेही दुखायला लागावेत आणि तरी हसू यावं.

त्या गुरुवारी ओट्यावर उभा राहून मी डोकी मोजायला लागलो, तर खालून एकजण म्हणाला, “काय मोजून राहिला गा? बस ना खाली. बुढा बोलून राहिला.”

बसलो. एक म्हातारा एवढा हसला, की त्याचा उरलेला एकुलता दात ओट्यावर पडला. दात शोधायचं सोडून तो पुढचं ऐकत बसला. दाताचं खोटं असेल, हसण्याचं नाही. कार्यक्रम संपल्यावर मी दोनदा मोजलं. चाळीस. दारांआड उभ्या असलेल्या बाया वेगळ्या. त्यांच्यासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता.

परतीच्या एसटीत तो आकडा मला खुपायला लागला. एवढं हसणं आणि त्याला चाळीस? लग्नात उखाणा घेतला तरी याहून जास्त माणसं जमतात. साहेब कार्यक्रम बंद करतील या भीतीनं आणि त्या बुढ्याच्या मायेनं मी पेन्सिल काढली आणि चाळीसवर एक शून्य चढवलं. गावात एकूण माणसं किती, हे विचारायचं सुचलंच नाही.

ओरडून झाल्यावर साहेब खुर्चीत बसले. आवाज खाली आला. “शून्य चुकून पडलं असेल तर सांगा. मी इथेच खोडतो.”

माणूस चांगला होता. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी दाराकडे पाहिलं. टायपिस्ट वाट पाहत होत्या.

“साहेब, चारशे कमीच लिहिले,” मी म्हणालो. “झाडावरचे मोजलेच नाहीत.”

टायपिस्ट खदखदून हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी लाल पेन घेतलं आणि माझ्या तालुक्याचा सगळा गठ्ठा रद्द केला. बाकीच्या तालुक्यांत त्या वेळेला कुणी विणकराचा कार्यक्रम लावत नव्हतं. अहवालात गुरुवारसमोर ‘श्रोते आढळले नाहीत’ असं टाईप झालं आणि दोन महिन्यांत कार्यक्रम बंद.

झाडावरच्या माणसांचा किस्सा मी पुढे लग्नांत, पानठेल्यावर, सगळीकडे सांगितला. दर वेळी झाड उंच होत गेलं. लोक पोट धरून हसायचे, आणि मी घरी येऊन जेवायचो नाही.

दोन-तीन वर्षांनी खाप्याला गेलो. विणकर मागावर बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द न वाढवता मी सगळं सांगितलं. त्यानं धोटा थांबवला.

“रेडिओच्या त्या खोलीत मले कोणी दिसे ना,” तो म्हणाला. “काचेमांगचा माणूस घड्याळ पाहे. बंद केलं तवा मले वाटलं, कोणी ऐकतच नसन.”

“काका, तुमच्यासाठीच चारशे लिहिले होते जी.”

त्यानं धोटा पुन्हा सोडला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

“चाळीस भी लय होते,” तो म्हणाला.