वाकडी पट्टी

हात बायकोचे आणि तोंड नवऱ्याचं, अशी त्या गॅरेजची ख्याती होती.

दादांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी गॅरेज बंदच करायचं ठरवलं होतं. पाना धरला की नट पडायचा आणि नट धरला की पाना. वहिनी तेव्हा फक्त दुपारचा डबा घेऊन यायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत स्टुलावर बसून बघत राहायच्या. एकदा दादांच्या हातून कार्ब्युरेटरचा जेट, पेट्रोल सोडणारी चिमुकली पितळी तोटी, सुटला आणि गटाराच्या जाळीत जाऊन अडकला. वहिनींनी केसांतला आकडा काढून जेट वर घेतला, पदराला पुसला आणि कुणाला न विचारता जागेवर बसवला. दादा म्हणाले, "आता स्क्रूचे आटेही तूच मोड." आटे मोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा दोघांचा आला.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिली काही वर्षं दादा खुर्चीत बसून सांगायचे आणि वहिनी करायच्या. मग सांगणं कमी होत गेलं आणि टोमणे तेवढे उरले. नवी गिऱ्हाइकं दादांकडे बघून तक्रार सांगत. दादा शांतपणे म्हणत, "मी इथे शोभेला आहे. तिकडे बोला."

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि आमची अकरा टपऱ्यांची ओळ उठणार असं ठरलं. आमची म्हणते, कारण त्या ओळीचं प्रत्येक भांडण मी भांडले आहे. बदल्यात नव्या इमारतीत गाळे मिळणार होते, पण फक्त कुशल कारागिरांना. कुशल कोण, हे एका दिवसाच्या प्रात्यक्षिकावरून ठरणार. ज्याच्या नावावर परवाना, त्यानेच परीक्षा द्यायची. परवाना दादांच्या नावावर होता.

मी कचेरीत गेले. पहिल्या दिवशी मला बाकावर बसवलं, दुसऱ्या दिवशी उद्या या म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी टेबलासमोर उभीच राहिले आणि अधिकाऱ्यांना म्हटलं, "परवान्यावर नाव लिहिलंय साहेब, बोटं नाही लिहिली. ज्या बोटांनी पंधरा वर्षं गॅरेज चाललं त्यांची परीक्षा घ्या." आवाज जरा वर गेला असेल. शिपाई दोनदा डोकावून गेला. अखेर साहेबांनी कागदावर शेरा मारला: पत्नीने परीक्षा द्यावी, मात्र संधी एकच. नापास झाल्या तर गाळाही नाही आणि टपरीही नाही.

कागद मी विजयी मुद्रेने गॅरेजमध्ये नेला. वहिनींनी शेवटची ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही भांडता तेव्हा मला फार भीती वाटते. तुम्ही नेहमी जिंकता आणि मग ते निस्तरावं आम्हाला लागतं."

परीक्षा तांत्रिक शाळेच्या शेडमध्ये होती. परीक्षक तिथलेच शिक्षक होते. खिशात स्टीलची छोटी मोजपट्टी आणि बगलेत दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक. लोकांनी बिघडलेल्या गाड्या आणून लावल्या होत्या. चिठ्ठी उचलायची, नशिबात येईल ती गाडी दोन वाजेपर्यंत नीट करायची. कुणाला ब्रेक आला, कुणाला साखळी. वहिनींच्या चिठ्ठीत टपाल वाटणाऱ्या एका काकांची जुनी मोटारसायकल निघाली. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. तक्रार अशी की डावा कार्ब्युरेटर ओव्हर होतो, म्हणजे पेट्रोल आत थांबतच नाही, नळीवाटे खाली गळत राहतं.

शेडमध्ये कुजबुज झाली. गेल्या महिन्याभरात या गाडीने तिघांना दमवलं होतं. महिन्याभरापूर्वी खुद्द परीक्षकांनी ती साध्या साफसफाईसाठी शाळेत ठेवून घेतली होती, नवी सुई घालून पुस्तकाप्रमाणे सगळं जुळवून दिली होती. काका घरी पोहोचेपर्यंत बूट पेट्रोलने भिजले होते. मी चिठ्ठ्यांचा डबा तपासायची मागणी करणार होते, पण वहिनींनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी बसले.

वहिनींनी गाडीला हात लावायच्या आधी काकांना विचारलं, गळती कधी होते? चालताना की उभी असताना? काका म्हणाले, "बाई, हिला वेळकाळ नाही. माझ्या थोरल्या मेव्हण्यासारखी आहे, आली की थांबत नाही." वहिनींनी नळीखाली डबा धरून पेट्रोलचा कॉक उघडला. इंजिन बंद, तरी थोड्या वेळात डाव्या बाजूला थेंब आला, मग धार. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी कार्ब्युरेटरवर दोन टिचक्या मारल्या. सुईत कचरा अडकला असेल तर तेवढ्याने सुटतो. धार तशीच. दादा तिथेही खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "मारून ऐकत नाही म्हणजे घरंदाज आहे."

कॉक बंद करून वहिनींनी कार्ब्युरेटरची वाटी काढली. ज्याला कार्ब्युरेटरचं पोट माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. आत पितळेचा पोकळ फ्लोट असतो, संडासाच्या टाकीत फुगा असतो ना, तसाच. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो, त्याची एक छोटी पट्टी सुईला ढकलते, सुई भोक बंद करते. पेट्रोल थांबतं. एवढीच त्याची नोकरी.

सुई नवीकोरी होती. वहिनींनी फ्लोट बोटाने उचलून पेट्रोल आत येतं त्या नळीतून फुंकलं. हवा पार झाली नाही, म्हणजे सुई बरोबर बसत होती. फ्लोटची उंची परीक्षकांनी पुढे येऊन स्वतःच्या मोजपट्टीने मोजून दाखवली. पुस्तकात लिहिलेली, केसाचाही फरक नाही. वहिनींनी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलं असतं तर खळखळलं असतं. गप्प. गरम पाण्यात बुडवून बघितला. भोक असतं तर बुडबुडे आले असते. एक नाही.

साडेबारा वाजले होते. परीक्षक म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं इथे म्हणता येणार नाही हं. अंगण मी स्वतः मोजलंय."

माझं डोकं फिरलं. मी उठून त्यांच्यापर्यंत गेलेसुद्धा. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की वहिनी हललेल्या नाहीत. ओला फ्लोट तळहातावर घेऊन त्या एकाच जागी बघत होत्या. त्याच्या कडेला सोल्डरचा, म्हणजे भोक बुजवायला दिलेल्या डागाचा, एक गोळा होता. जाड, ओबडधोबड, हरभऱ्याएवढा. आपलं जुनं पत्र अचानक सापडावं आणि अक्षर बघून लाज वाटावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

त्यांनी उजवा कार्ब्युरेटरही उघडला आणि त्यातला फ्लोट काढला. मग सायकलचा एक स्पोक मागितला. त्याच्या बरोबर मधोमध दोरा बांधला, दोरा खिळ्याला टांगला, स्पोक आडवा स्थिर होईपर्यंत गाठ सरकवली. दोन टोकांना दोन फ्लोट अडकवले आणि हात काढून घेतला.

डावं टोक खाली गेलं. हळू नाही, झपकन.

 उंची सगळ्यांनी मोजली होती, वजन कुणी केलं नव्हतं. फ्लोट जड, म्हणून पेट्रोलमध्ये खोल बसणार. सुई बंद व्हायच्या आत वाटी भरून वाहणार.

परीक्षकांनी चष्मा काढून स्पोककडे बघितलं. "हे सोल्डर कुठल्या गाढवाने केलंय?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं जमीन दुभंगावी. कचेरीत मी भेटेल त्याला सांगितलं होतं की या बाईच्या हातून कधी चूक झालेली नाही. वहिनींनी मात्र सरळ सांगून टाकलं. नऊ वर्षांपूर्वी या फ्लोटला भोक पडलं होतं. नवा मिळत नव्हता. त्या नुकत्याच सोल्डर शिकत होत्या, भीतीपोटी नको तितकं लावून बसल्या. गाडी तेव्हाही ओव्हर झाली. मग दादांनी खुर्चीतून सांगितलं की पट्टी जरा वाकव, सुई लवकर बंद होईल. वाकवली. गळती थांबली आणि काका खूश होऊन गेले. मग काकांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं, गाडी परत आली नाही; आज फ्लोट हातात येईपर्यंत वहिनींनीही ती ओळखली नव्हती. नऊ वर्षं ती त्या वाकड्या पट्टीवर सुखात चालली.

आता उरलेलं सगळ्यांना कळलं. मी तर ओठांवर आणलंच होतं की साहेब, पुस्तकातली उंची जुळवायला ती पट्टी तुम्ही सरळ केलीत, म्हणून गळती लागली. वहिनी माझ्याआधी बोलल्या.

"सरांनी पट्टी सरळ केली ते बरोबरच केलं. वजनाची चूक मी उंचीत लपवली होती."

परीक्षकांनी पुस्तक मिटलं. "बाई, घड्याळ चालू आहे," एवढंच म्हणाले, पण आवाज बदलला होता.

वहिनी पेट्रोलपासून लांब, शेडबाहेरच्या भिंतीपलीकडे गेल्या. फ्लोट पुसून पुरता वाळवला, मगच सोल्डर वितळवायची खई तापवली. जास्तीचं सोल्डर वितळवून कापडाने अलगद पुसत गेल्या. भोकावर नखाएवढा पातळ थर ठेवला. पुन्हा गरम पाणी, बुडबुडा नाही. पुन्हा स्पोक. डावं टोक किंचित खाली. पुन्हा खई. तिसऱ्या खेपेला स्पोक डुलला, डुलला आणि आडवा थांबला. परीक्षक दोन हात मागे बांधून खाली वाकले होते, डोळा स्पोकच्या रेषेत. फ्लोटची पट्टी मात्र त्यांनी जुळवली होती तशीच राहिली. सरळ.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना वहिनींनी गाडीखाली कोरा पांढरा कागद अंथरला आणि कॉक उघडला. काम वेळेत झालं होतं, आता नियमाप्रमाणे अर्धा तास नुसतं बघायचं होतं. एक थेंब पडला की खेळ खलास. काका उकिडवे बसून कागदाकडे बघत राहिले, जणू त्याच्यावर पत्ता उमटणार होता. मी तेवढ्या वेळात कुणाशीही भांडले नाही, हे शेडमधले लोक अजून सांगतात.

अर्ध्या तासाने परीक्षकांनी स्वतः कागद उचलला, उजेडात धरला, उलटा केला, नाकाशी नेला. कोरडा ठणठणीत. काकांनी किक मारली. दुसऱ्या किकला दोन्ही सिलिंडर एका सुरात बोलले, आणि काकांनी बूट वर करून सगळ्यांना कोरडा तळवा दाखवला.

निकालाच्या कागदावर शेऱ्याची जागा बोटभर होती. परीक्षकांनी लिहिलं: स्वतःची चूक स्वतः शोधली, उत्तीर्ण. लिहून झाल्यावर दबक्या आवाजात विचारलं, तो स्पोक मी ठेवून घेतला तर चालेल का? पोरांना दाखवायचा होता. वहिनी म्हणाल्या, "घ्या. गाठ मध्यावर आहे तेवढी हलवू नका."

गाळ्याचा क्रमांक चार. ताबा मिळाला त्या दिवशी ओळीतले दहाही कारागीर जमले. किल्ली वहिनींच्या हातात होती. त्यांनी ती दादांपुढे धरली. दादा म्हणाले, "मी शोभेचा आहे." वहिनी म्हणाल्या, "म्हणूनच."

किल्ली कुलपावर टकटक वाजत राहिली. भोकाच्या वर, खाली, बाजूला. एकाने मदतीला हात पुढे केला, मी त्याचा हात धरून मागे ओढला. वहिनी जवळ उभ्या होत्या, हात बांधून. पुष्कळ वेळ गेला, कुणालाही घाई नव्हती. मग किल्ली आत गेली, कुलूप सुटलं आणि शटर वर गेलं.

दादांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "फरशी वाकडी आहे."

वहिनी म्हणाल्या, "आधी मोजू."